ब्रेकचा रिकॉल आणि संपत आलेले पॅड: वाई-पाचगणी रस्त्यावरचा अनुभव

जून २०२४ मध्ये माझ्या गाडीच्या ब्रेकसाठी कंपनीने रिकॉल काढला, म्हणजे बनवतानाचा दोष विनामूल्य दुरुस्त करायला गाड्या परत बोलावल्या. नेमके त्याच सुमारास पुढचे ब्रेक पॅडही (चाकाबरोबर फिरणारी चकती, म्हणजे डिस्क, दाबून गाडी थांबवणारे आणि हळूहळू झिजणारे भाग) संपत आले होते. दोन्ही गोष्टी एकदम आल्यामुळे भोवतालच्या प्रत्येकाने त्यांची गल्लत केली आणि मला दोन टोकांचे सल्ले मिळाले. एक, रिकॉल म्हणजे गिऱ्हाईक सर्व्हिस सेंटरला खेचून नेण्याची युक्ती, जाऊच नका. दुसरा, रिकॉल आहे ना, मग पॅडसुद्धा फुकट बदलून घ्या, भांडा. हे सगळं पार पडायला महिना-दीड महिना गेला. कुणाच्या गाडीला असं पत्र आलं तर त्यांची धावपळ थोडी कमी व्हावी म्हणून क्रमाने लिहिते आहे. कंपनीचं आणि सर्व्हिस सेंटरचं नाव घेत नाही, कारण थोड्याफार फरकाने हे कुठेही असंच चालतं.

मी वाईत राहते आणि पाचगणीच्या एका शाळेत शास्त्र शिकवते. म्हणजे शाळा असेल त्या प्रत्येक दिवशी पसरणी घाट सकाळी चढायचा आणि दुपारी उतरायचा. गाडी पेट्रोलवरची लहान हॅचबॅक, २०२१ ची. ऑगस्ट २०२३ मध्ये पुण्यातल्या एका निवृत्त काकांकडून घेतली तेव्हा १८,००० किलोमीटर झाली होती.

मे महिन्याच्या शेवटी घाट उतरताना पुढच्या डाव्या चाकातून चिरका आवाज यायला लागला. वाईतल्या आमच्या मिस्त्रींनी गाडी नुसती पुढेमागे घेऊन ऐकली आणि म्हणाले, "मॅडम, पॅड संपत आलेत. पॅडला एक बारीक पत्री असते, पॅड झिजलं की ती डिस्कला घासते. ती मुद्दामच दिलेली असते, तुम्हाला कळावं म्हणून. पंधरा दिवसांत बदलून टाका." पॅड कंपनीचेच हवेत असं मी म्हटल्यावर त्यांनी ते मागवायचं कबूल केलं. एवढंच काम होतं.

११ जूनला पुण्याच्या काकांचा व्हॉट्सअ‍ॅप आला. त्यांच्या कोथरूडच्या पत्त्यावर स्पीड पोस्टने कंपनीचं पत्र आलं होतं, त्याचे दोन फोटो. मजकूर असा की, एका ठराविक काळात तयार झालेल्या काही गाड्यांमध्ये ब्रेक बूस्टरला (ब्रेक दाबताना पायाचा जोर वाढवणाऱ्या भागाला) जाणाऱ्या व्हॅक्यूमच्या नळीचा जोड सैल पडण्याची शक्यता आहे, तसं झालं तर ब्रेकचं पेडल कडक होऊ शकतं, तरी जवळच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये गाडी दाखवावी, भाग विनामूल्य बदलून मिळेल. खाली काकांनी लिहिलं होतं, "गाडी आता तुमची आहे, म्हणून पाठवतोय. दुर्लक्ष करू नका."

पत्र वाचून पोटात गोळा आला. ज्या रस्त्यावरून मी रोज उतरते तिथे एका बाजूला डोंगर आणि दुसऱ्या बाजूला धोम धरणाचं पाणी खाली दिसत असतं. ब्रेकविषयी काहीही वाचलं की आधी तीच बाजू डोळ्यांपुढे येते.

पत्र जुन्या मालकाकडे का गेलं, हे पुढे सर्व्हिस सेंटरमध्ये कळलं. गाडी नावावर करताना आपण फॉर्म २९ आणि ३० भरतो, आरटीओच्या नोंदीत मालक बदलतो, पण कंपनीच्या दप्तरात आपोआप काहीच बदलत नाही. तिथे पहिल्या खरेदीच्या वेळचा पत्ता आणि फोन राहतो. काकांच्या जागी घर बदललेला किंवा कंटाळा करणारा कुणी असता तर मला हे कळलंच नसतं. जुनी गाडी घेतली असेल तर आरसीची प्रत पाठवून कंपनीकडे आपला फोन नंबर बदलून घ्या. याला पैसे पडत नाहीत.

दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये विषय काढला. गणिताचे सर ठाम होते. "अहो, हा सगळा धंदा आहे. फुकट म्हणून बोलावतात आणि दहा हजारांचं बिल हातात देतात." त्यांना तसा अनुभव आलेलाही होता, त्यामुळे त्यांचं म्हणणं मी हसण्यावारी नेलं नाही. आमच्या शाळेच्या बसचे चालक, जे हा घाट कित्येक वर्षं चालवत आहेत, त्यांचं मत उलट. "ताई, सत्तावीस हजार किलोमीटरांत पॅड संपतात म्हणजे मालच खराब. ब्रेकचाच रिकॉल आहे ना, मग पॅड त्यांनीच द्यायला पाहिजेत." घरी धाकट्या दिराने तिसरीच शंका काढली. "वहिनी, पत्र खरं कशावरून? ई-चलनाच्या नावाने एपीके फाइल पाठवून लोकांची खाती रिकामी करतात हल्ली."

म्हणून आधी दिराची शंका मिटवायची ठरवली. पत्रावरचा क्यूआर कोड वापरला नाही. कंपनीच्या संकेतस्थळाचा पत्ता स्वतः टाइप करून उघडला. बहुतेक कंपन्यांच्या संकेतस्थळावर रिकॉलसाठी चासी नंबर टाकून बघायची जागा असते. सियाम, म्हणजे गाड्या बनवणाऱ्या कंपन्यांची संघटना, तिच्या संकेतस्थळावरही रिकॉलची माहिती मिळते. चासी नंबर आरसीवर असतो, १७ अक्षरं आणि आकडे मिळून. त्यात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरं कधीच नसतात, त्यामुळे गोल दिसणारं चिन्ह शून्यच समजायचं. हे माहीत नसल्याने पुष्कळांना "नोंद सापडली नाही" असं उत्तर येतं आणि गाडी यादीत नाही असं वाटून ते सोडून देतात. माझा नंबर टाकल्यावर उत्तर आलं, मोहीम (म्हणजे रिकॉल) लागू, काम बाकी. शेजारी मोहिमेचा एक कोड होता. तो वहीत लिहून ठेवला आणि पुढे प्रत्येक फोनवर तोच सांगितला.

पत्र खरं होतं. आता गणिताच्या सरांची शंका. कंपनी फुकट काम का करेल?

त्या रात्री बसून थोडं वाचलं. आपल्याकडे रिकॉलची सुरुवात कंपन्यांच्या मर्जीवर होती. २०१२ मध्ये सियामने ऐच्छिक रिकॉलची आचारसंहिता केली. काढला तर काढला, नाही तर विचारणारं कुणी नाही. २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती होऊन कलम ११०-अ आलं आणि केंद्र सरकारला रिकॉलचा आदेश द्यायचा अधिकार मिळाला. त्याचे नियम मार्च २०२१ मध्ये निघाले आणि १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले. एखाद्या मॉडेलच्या वर्षाला किती गाड्या विकल्या जातात त्यावर तक्रारींचा आकडा ठरवलेला आहे, तेवढ्या तक्रारी आल्या की चौकशी होते. हे सात वर्षांपर्यंतच्या गाड्यांना लागू आहे. सक्तीने रिकॉल करायची पाळी आली तर कंपनीला १० लाखांपासून १ कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. मात्र कंपनीने आपणहून दोष कळवून रिकॉल काढला तर त्या दंडातून सूट आहे.

या शेवटच्या तरतुदीने माझ्या मनातली गाठ सुटली. कंपनी उपकार करत नाही. दोष लपवून पकडलं जाण्यापेक्षा आधीच कळवणं तिच्या सोयीचं व्हावं, अशीच रचना कायद्यात केलेली आहे. सरांचा संशय मुळातच चुकीचा होता असं मात्र मी म्हणणार नाही. २००९-१० मध्ये टोयोटाने अमेरिकेत पायपुसण्या आणि अडकणारी अ‍ॅक्सिलरेटर पेडलं यांच्यासाठी लाखो गाड्या परत बोलावल्या, आणि त्या प्रकरणात लोकांची दिशाभूल केल्याबद्दल २०१४ मध्ये १२० कोटी डॉलर भरायचं कबूल केलं. कंपन्या लपवतात हे खरंच आहे. पण त्याच प्रकरणात इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलमधल्या (इंजिनाचा वेग ठरवणाऱ्या यंत्रणेतल्या) दोषामुळे गाड्या आपोआप वेग घेतात असा जो मोठा आरोप होता, त्याला नासाच्या अभियंत्यांच्या तपासणीत आधार सापडला नाही, हेही २०११ मध्ये जाहीर झालं. संशयाची अशी तपासणी व्हावी लागते.

मग बसच्या चालकभाऊंचा मुद्दा, पॅड कंपनीने द्यावेत हा. याचं सगळ्यात सरळ उत्तर मला अमेरिकेच्या रस्ते सुरक्षा संस्थेच्या, एनएचटीएसएच्या माहितीपत्रकात मिळालं. कोणत्या गोष्टी सुरक्षेचा दोष धरत नाहीत याची तिथे यादी आहे आणि तीत शॉक अ‍ॅब्सॉर्बर, बॅटरी, ब्रेक पॅड, ब्रेक शू, एक्झॉस्ट यांची नेहमीची झीज स्पष्ट लिहिलेली आहे. आपल्याकडच्या वॉरंटीच्या पुस्तिकेतही पॅड आणि क्लच प्लेट बहुधा वगळलेल्याच असतात. माझ्या पुस्तिकेत होत्या.

आणि रिकॉल कशासाठी निघतो, याचं आपल्याकडचं एक नमुनेदार उदाहरण आहे. ऑक्टोबर २०२२ च्या अखेरीस मारुती सुझुकीने वॅगन आर, सेलेरिओ आणि इग्निस मिळून ९,९२५ गाड्या मागच्या ब्रेकमधल्या एका पिनसाठी परत बोलावल्या. ३ ऑगस्ट ते १ सप्टेंबर २०२२ या काळात बनलेल्या तेवढ्याच. ती पिन तुटण्याची शक्यता होती. तारखा पाहा, जेमतेम एका महिन्याचा माल. गाडी कुणी घाटात चालवली की नागपूरच्या सपाट रस्त्यावर, याच्याशी त्याचा संबंध नाही. झिजेचं बरोबर उलट असतं. एकाच दिवशी बनलेल्या दोन गाड्या, एकीचे पॅड ५०,००० किलोमीटर जातात, दुसरीचे २५,००० मध्ये संपतात, कारण रस्ता आणि पाय वेगळे.

त्यातून माझ्यासारखी रोज घाट उतरणारी. पाचगणीहून वाईला येताना गाडी साडेपाचशे मीटरांहून जास्त खाली उतरते. एक टनाच्या गाडीची त्या उंचीवरची सगळी ऊर्जा कुठेतरी जिरायला हवी. गिअर खाली ठेवला तर बराच भाग इंजिन झेलतं, नाही तर सगळी उष्णता पॅड आणि डिस्कमध्ये जाते. ब्रेकचं मूळ कामच ते, गतीची उष्णता करणं आणि ते करताना थोडं थोडं झिजणं.

म्हणजे पॅडची झीज आवाज करून सांगते, मोजताही येते. नळीचा सैल जोड मात्र सुटेपर्यंत काही सांगत नाही. टाकाटा या जपानी कंपनीच्या एअरबॅगा अशाच होत्या. दमट हवेत वर्षानुवर्षं आतलं रसायन बिघडत गेलं आणि गाडी चालवणाऱ्याला पत्ताही लागला नाही. "माझी गाडी तर छान चालतेय" हे म्हणूनच रिकॉल टाळायचं कारण होऊ शकत नाही. अशा दोषाचा पुरावा फक्त चासी नंबरात असतो.

१३ जूनला कंपनीच्या हेल्पलाइनला फोन केला. दोनच प्रश्न विचारले. तोवर गाडी चालवू का, आणि कोणती लक्षणं दिसली तर थांबवू? उत्तर मिळालं की चालवायला हरकत नाही, पेडल अचानक कडक लागलं किंवा ब्रेक दाबताना हवेचा फुस्स आवाज आला तर गाडी बाजूला घेऊन रोडसाइड असिस्टन्सला कळवा. हे त्यांच्याकडून ईमेलवर मागून घेतलं. तोंडी उत्तरावर ब्रेकसारख्या बाबतीत राहू नये असं मला वाटतं.

बूस्टर ठीक आहे का हे घरीही बघता येतं. सपाट जागी, हँडब्रेक ओढून, गाडी न्यूट्रलमध्ये, इंजिन बंद. ब्रेक पाच-सहा वेळा दाबायचा. आत साठलेला व्हॅक्यूम संपतो आणि पेडल कडक होतं. मग पाय दाबलेलाच ठेवून इंजिन सुरू करायचं. पेडल पायाखाली थोडं खाली सरकलं तर बूस्टर काम करतोय. ढिम्म राहिलं तर गाडी बाहेर काढू नये. व्हॅक्यूम गेला तरी ब्रेक पूर्ण जात नाहीत, पण पायाचा जोर खूप लावावा लागतो आणि घाबरलेल्या क्षणी तेवढा जोर लावायचं सुचेलच असं नाही. माझं पेडल दरवेळी सरकत होतं. तरी पुढचे काही आठवडे, पाऊस आणि धुकं दाट असलं की मी एसटीने गेले. वाई-पाचगणी गाड्या भरपूर आहेत. सकाळी वीस मिनिटं आधी निघावं लागायचं, पण मन शांत असायचं.

वाईत त्या कंपनीचं सेंटर नाही, त्यामुळे साताऱ्याला वेळ घ्यावी लागली. पहिल्या फोनवर उत्तर, पार्ट आलेला नाही, आला की कळवू. आठवडा गेला, फोन नाही. परत विचारलं तर माझी नोंदच झालेली नव्हती, कारण त्यांच्या संगणकात गाडी काकांच्या नावावर. आरसीचा फोटो पाठवला, तेव्हा कुठे विनंती क्रमांक मिळाला. हा क्रमांक पहिल्याच फोनला मागा. तो हातात असला की पुढच्या फोनवर कुणीही उचलो, त्याला नोंद उघडून बघावीच लागते. जूनच्या अखेरीस मी हेल्पलाइनला ईमेल केला, मोहिमेचा कोड आणि विनंती क्रमांक लिहून, रोज घाटात गाडी जाते हे सांगून. तीन दिवसांत साताऱ्याहून फोन, पार्ट आला, शनिवारी ६ जुलैला या.

पॅड मी तोवर मिस्त्रींकडे बदलले नाहीत. त्यांनीच सुचवलं की एक-दोन आठवड्यांचा प्रश्न आहे, चाकं तिथे खोलली जाणारच, मोजून घ्या आणि मग ठरवा. त्यांनी पॅडची स्थिती बघून हे सांगितलं होतं. आवाज वाढला असता किंवा धातू घासल्यासारखा झाला असता तर त्यांनी थांबू दिलं नसतं.

शनिवारी सकाळी साडेनऊला दिराबरोबर साताऱ्यात पोचले. सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर तरुण मुलगा, बोलायला नम्र. गाडीभोवती एक फेरी मारून त्याने टॅबवर एस्टिमेट दाखवलं. रिकॉल शून्य रुपये. त्याखाली पुढचे पॅड, दोन्ही डिस्क, मागचे लायनर, ब्रेक ऑइल, थ्रॉटल बॉडी क्लीनिंग, एसीचं निर्जंतुकीकरण. एकूण ११,८४० रुपये. गणिताच्या सरांचे शब्द कानात घुमले. चाकसुद्धा अजून काढलेलं नव्हतं.

इथे राग येतो, पण राग करून उठून आलं तर रिकॉलचं कामही राहून जातं. मी त्याला शांतपणे तीन गोष्टी सांगितल्या. रिकॉलचं जॉब कार्ड (कामाची नोंद) वेगळं करा. थ्रॉटल आणि एसी आज नको. ब्रेकचं जे काही बदलायचं असेल ते मोजून, मला दाखवून बदला. तो म्हणाला, ग्राहकांना वर्कशॉपमध्ये नेता येत नाही, सुरक्षेचा नियम आहे. मी म्हटलं, ठीक, मग माप आणि फोटो आणून द्या, मी इथे बसते. थोड्या वेळाने फ्लोअर सुपरवायझर स्वतः बाहेर आले, वयाने मोठे, हात ग्रीसने भरलेले. "या मॅडम, गाडी लावलेली जागा पिवळ्या पट्टीच्या अलीकडे आहे, तिथून दिसेल." त्यांनी दाखवलं ते मला शाळेतल्या प्रयोगशाळेत शिकवण्याजोगं वाटलं.

नव्या पॅडवर साधारण १० मिलिमीटर अस्तर असतं आणि ३ च्या आसपास आलं की बदलायचं. माझ्या उजव्या चाकाचे दोन्ही पॅड ४ मिलिमीटरच्या जवळ. डाव्या चाकाचं बाहेरचं ४, आतलं मात्र २. एकाच चाकातल्या दोन पॅडमध्ये एवढा फरक का? कॅलिपर, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणारा भाग, ज्या पिनांवर सरकतो त्यातली एक पाचगणीच्या पावसाने गंजून अडकली होती. ब्रेक सोडला तरी आतलं पॅड डिस्कला टेकून राहत होतं. पिना काढून, घासून, ग्रीस लावून बसवायचं काम होतं. एस्टिमेटमध्ये ते नव्हतंच. नुसते पॅड बदलून गाडी दिली असती तर डावं पॅड परत लवकर गेलं असतं.

डिस्कच्या कडेला किमान जाडी कोरलेली असते. व्हर्निअर (जाडी मोजायचं साधन) लावून बघितलं तर माझ्या डिस्क त्याहून बऱ्याच जाड, पृष्ठभागही सपाट. बदलायची गरज नाही. मागच्या ब्रेकचे ड्रम उघडले, लायनर (आतलं झिजणारं अस्तर) अर्ध्याहून जास्त शिल्लक, फक्त धूळ साफ केली. ब्रेक ऑइलमध्ये टेस्टर बुडवला तर लाल दिवा. हे ऑइल हवेतला ओलावा शोषतं आणि मग त्याचा उकळबिंदू उतरतो. डॉट ४ प्रतीच्या नव्या ऑइलचा किमान २३० अंश, ओलावा शोषलेल्याचा १५५. घाट उतरताना ब्रेक तापले आणि ऑइलमध्ये वाफ झाली तर पेडल मऊ पडून खाली जातं. साधारण दोन वर्षांनी ते बदलायचं असतं, माझ्या गाडीला तीन झाली होती. ते मी आनंदाने बदलायला सांगितलं.

चालकभाऊंच्या वतीने मी पॅड फुकट मिळण्याविषयीही विचारलं. सुपरवायझर म्हणाले, "अस्तर पाठीच्या पत्र्यापासून सुटलं असतं, तडकलं असतं, किंवा सगळ्यांचेच पॅड पाच हजारांत गेले असते, तर आम्ही कंपनीला कळवलं असतं. हे मापात झिजलंय." जुनं पॅड हातात घेऊन पाहिलं. अस्तर घट्ट, कडा शाबूत, फक्त पातळ. मला पटलं. चालकभाऊंनाही नंतर तेच पॅड दाखवलं. त्यांनी ते उलटसुलट करून बघितलं आणि म्हणाले, "हां, हे घाटाचं काम आहे."

रिकॉलचं काम पाऊण तासात झालं. नळी, तिचा जोड आणि झडप बदलली, नंतर व्हॅक्यूमचं मापक लावून बघितलं. जुने पॅड मला मागून घेता आले, पण रिकॉलचा जुना भाग देत नाहीत, तो कंपनीकडे परत जातो. त्यावर मी हट्ट धरला नाही, त्यांनी फोटो मात्र काढू दिला.

बिलं दोन. रिकॉलचं शून्य रुपयांचं, त्यावर चासी नंबर, मोहिमेचा कोड, तारीख आणि शिक्का. दुसरं पॅड २,२६०, त्यांची मजुरी ६२०, ब्रेक ऑइल मजुरीसह ६९०, पिनांचं काम ३७०, मिळून ३,९४० रुपये. वाईत मिस्त्रींकडे पॅड बसवायचं काम निश्चित स्वस्त झालं असतं. रिकॉलसाठी गेलात म्हणून बाकीची कामं तिथेच करायची सक्ती कुणी करू शकत नाही. मी केली, कारण चाकं उघडीच होती आणि सुपरवायझरांनी दाखवलेलं माप मला खरं वाटलं. शून्य रुपयांचं बिल फेकू नका, गाडी विकताना ते आरसीबरोबर द्यायचं आहे.

प्रतीक्षाकक्षात कोरेगावकडचे एक शेतकरी भेटले. त्यांच्या गाडीच्या दुसऱ्याच एका रिकॉलचा मेसेज त्यांना वर्षापूर्वी आला होता. "कंपनीवाले सारखेच मेसेज टाकतात, सर्व्हिस करा, इन्शुरन्स करा. त्यातलाच एक समजलो." ही फार खरी अडचण आहे. जाहिरातीच्या शंभर मेसेजमध्ये सुरक्षेचा एक मेसेज त्याच नावाने, त्याच अक्षरात येतो. तो वेगळा ओळखू यावा म्हणून काही ठरायला हवं, आणि गाडी नावावर होताच नव्या मालकाचा संपर्क कंपनीकडे जाईल अशी सोयही. हे व्हावं अशी माझी कळकळीची इच्छा आहे, कारण तोवर काकांसारख्या माणसांच्या भलेपणावर सगळं अवलंबून आहे.

नव्या पॅडना डिस्कशी जुळायला वेळ लागतो. पहिले दोन-तीनशे किलोमीटर करकचून ब्रेक मारू नका असं सांगितलं होतं, म्हणून पहिला आठवडा घाटात गाडी नेली नाही, वाई-सातारा आणि गावातल्या गावात फिरवली. थोडा वास येत होता, तो चार दिवसांत गेला. १५ जुलैपासून पुन्हा घाटात. उतरताना दुसरा गिअर, ब्रेक सतत दाबून न ठेवता वळणाआधी एकदा नीट दाबून सोडायचा. मागून हॉर्न वाजले तर वाजू द्यायचे.

कंपनीच्या संकेतस्थळावर काम बाकी असंच दिसत होतं. आठवड्याने फोन केला, सेंटरने नोंद वर पाठवलेली नव्हती. २० जुलैला "पूर्ण" असं दिसलं, त्याचा स्क्रीनशॉट काकांना पाठवला. त्यांचा लगेच फोन आला, अर्धा तास बोललो.

गणिताच्या सरांनी स्टाफरूममध्ये बसून स्वतःच्या गाडीचा नंबर टाकून बघितला. त्यांच्या गाडीला काही नव्हतं. दोन बाईंच्या गाड्यांपैकी एकीला एअरबॅगच्या कंट्रोलरचा जुना रिकॉल निघाला, पत्र त्यांनाही आलेलं नव्हतं. सरांनीच त्यांना मोहिमेचा कोड लिहून दिला आणि बजावलं, "जॉब कार्ड वेगळं करायला सांगा."

डिसेंबरमध्ये ३२,००० किलोमीटरला वाईतल्या मिस्त्रींकडून चाकं उघडून घेतली. चारही पॅड ८ मिलिमीटरच्या जवळपास, डावं-उजवं सारखं. पिना मोकळ्या होत्या. त्यांनी दीडशे रुपये घेतले आणि पुढची तपासणी पावसाळ्याआधी, मेमध्ये करायची ठरली.